उणे अठ्ठावीस आणि एकशेसाठ मीटर

जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आमचं घर तापवणारी फर्नेस बंद असते. घर मिनेसोटात, डुलुथच्या उत्तरेला. बाहेर पारा उणे वीसच्या खाली. फर्नेस बिघडलेली नसते, मीच बंद केलेली असते. तिच्या पंख्याची मोटर नव्या पद्धतीची आहे, गरजेप्रमाणे वेग बदलणारी, वीज वाचवणारी वगैरे. ती फिरायला लागली की माझ्या रेडिओवर १८०० ते १८५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सलग घरघर उमटते, आणि मला नेमकं त्याच पट्ट्यात काम असतं. मोटरच्या वायरींवर फेराइटच्या कड्या चढवून झाल्या, मिक्स ३१ च्या, चांगल्या मोठ्या. घरघर बरीच उतरली. जी उरली तिच्यावर एकच इलाज: भिंतीवरचा स्विच.

नवऱ्याशी तह झालेला आहे. रेडिओवर युरोप ऐकू यायची वेळ आणि जपान ऐकू यायची वेळ, एवढंच बंद; मधल्या वेळात चालू. तळघरातल्या स्टोव्हमध्ये लाकडं घालायचं काम त्याचं. तो लोकरीची टोपी घालून सोफ्यावर वाचत बसतो आणि तासातासाला खोलीचं तापमान मोठ्याने जाहीर करतो. "सोळा!" मुलगा कॉलेजात आहे. त्या आठवड्यात घरी यायचा बेत त्याने आजवर कधी केलेला नाही.

ही सगळी उठाठेव सीक्यू वर्ल्ड वाइड १६० मीटर ह्या हौशी रेडिओवाल्यांच्या स्पर्धेसाठी, तीही मोर्सवाली. १६० मीटर लांबीच्या लहरींवर, म्हणजे १८०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या बँडवर, जमतील तितकी स्टेशनं गाठायची. शुक्रवारी २२०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) सुरू, रविवारी २२०० ला बंद. आमच्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात, साताऱ्यात मध्यरात्र उलटून साडेतीन. एकूण ४८ तास. पण एकट्याने खेळणाऱ्याने त्यातले ३० तासच रेडिओवर राहायचं, झोप कुठे घालायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. देवाणघेवाण अगदी छोटी. अमेरिकेतला माणूस सिग्नलचा अहवाल आणि आपलं राज्य सांगतो, कॅनडातला आपला प्रांत, बाकी जगातला आपला झोन, म्हणजे जगाच्या ठरलेल्या विभागांतला आपला क्रमांक. मी पाठवते "फाइव्ह एन एन एम एन". 'एम एन' म्हणजे मिनेसोटा. पाचशे नव्व्याण्णव म्हणजे उत्तम सिग्नल, त्यातल्या नऊच्या जागी 'एन', कारण तो छोटा. सिग्नल कितीही मरतुकडा असला तरी सगळे एकमेकांना पाचशे नव्व्याण्णवच देतात. ह्या खोटेपणाबद्दल आजवर कुणी कुणाला बोललेलं नाही. आपल्याच देशातल्या स्टेशनचे दोन गुण, त्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचे पाच, दुसऱ्या खंडाचे दहा. मग जितकी राज्यं, प्रांत आणि देश मिळाले त्या आकड्याने गुणायचं. म्हणजे शेजारच्या विस्कॉन्सिनची शंभर स्टेशनं घेऊन पोट भरत नाही. समुद्रापलीकडे जावं लागतं.

आणि समुद्रापलीकडे जायचं तर थंडी लागते. हे मी इकडच्या मराठी मंडळींना दर संक्रांतीला समजावते आणि दर संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन पुढच्या खोलीत जातात. म्हणून इथे लिहून ठेवते. १८०० किलोहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल दिवसा फार लांब जात नाही, कारण सूर्य असेपर्यंत आयनांबराचा सगळ्यात खालचा थर, 'डी', जागा असतो आणि तो ह्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की डी थर विरतो, आणि लहरी वरच्या थरापर्यंत पोचून परत खाली येतात. तेव्हा दोन्ही टोकांना रात्र हवी. डुलुथला जानेवारीअखेर पाचच्या सुमारास मावळतं आणि साडेसात उलटून गेल्यावर उजाडतं. साडेचौदा तास काळोख. युरोपातही हिवाळाच, तिथेही रात्र लांब. दुसरी गोष्ट विजांची. लांब कुठेतरी वीज पडली तरी ह्या बँडवर कडाड असा फटका ऐकू येतो. उन्हाळ्यात मिसिसिपीच्या खोऱ्यावर वादळं उठतात तेव्हा हेडफोन कानाला लावून दहा मिनिटं बसवत नाही. जानेवारीत उत्तर गोलार्धातली वादळं बहुतेक थंडावलेली असतात. थोडक्यात, ज्या गोष्टींनी इथला हिवाळा माणसाला नकोसा होतो, लांब रात्र आणि मेलेलं आकाश, त्याच गोष्टींचा हा बँड आहे.

मी साताऱ्याची. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत ह्या हवेला नावं ठेवत बसणं हा माझा पहिल्या काही वर्षांतला मुख्य छंद होता. आता ऑक्टोबर आला की मी दोर आणि कप्प्या काढते.

कारण अँटेनाचं सगळं काम बर्फाच्या आधी व्हावं लागतं. १६० मीटरचा पाव भाग म्हणजे ४० मीटर. एवढा उंच मनोरा आमच्याकडे नाही. अंगणाच्या कडेला दोन उंच पाइन आहेत. तार पहिल्या झाडाच्या शेंड्याजवळून खाली येते, सुमारे १८ मीटर उभी, आणि उरलेली आडवी दुसऱ्या झाडाकडे जाते. ह्याला इन्व्हर्टेड एल म्हणतात. आडव्या टोकाचा दोर कप्पीवरून घेऊन खाली वाळूने भरलेली बादली टांगली आहे. वाऱ्यात झाडं डोलतात तेव्हा बादली वरखाली होते आणि तार तुटत नाही. ही युक्ती जुनी, सगळ्यांची आहे. पण पहिल्यांदा येणारा पाहुणा त्या बादलीकडे बघून हमखास विचारतो की विहीर कुठे आहे.

उभ्या तारेच्या पायथ्यापासून चारी बाजूंना रेडियल पसरलेत, गवतात खिळ्यांनी दाबून. ही तारांची चटई नसेल तर अर्धी शक्ती जमीन तापवण्यात जाते. आमची जमीन तर भलतीच. लेक सुपिरिअरचा हा सगळा उत्तर किनारा लाव्ह्याचा आहे, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसॉल्ट आणि गॅब्रो. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे ह्याच्यापुढे शेंबडं पोर. घर बघायला आलो तेव्हा मागचा कातळ पाहून मला अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आल्यासारखं वाटलं होतं. अर्थिंगचा रॉड ठोकायला गेल्यावर ते प्रेम ओसरलं. हातभरसुद्धा आत जात नाही. पाठवायला असली जमीन वाईट. पण ऐकायला, गंमत म्हणजे, चांगली.

ऐकायची तार वेगळी असते. तिचं नाव बेव्हरेज, हॅरल्ड बेव्हरेज ह्या इंजिनियरच्या नावावरून. पेयाशी संबंध नाही. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर एक सरळ तार, जमेल तितकी लांब. माझी १७० मीटर आहे, रानातून ईशान्येला, युरोपच्या दिशेने गेलेली. लांबच्या टोकाला साडेचारशे ओहमचा रेझिस्टर आणि अर्थिंग, जवळच्या टोकाला छोटा ट्रान्सफॉर्मर. सिग्नल ती फार मोठा देत नाही. पण ती एकाच दिशेचं ऐकते, त्यामुळे मागचा-बाजूचा गोंगाट गळून पडतो. आणि वीज नीट न वाहणाऱ्या जमिनीवर ती अधिक चांगली चालते. कातळाचा झाला तो एवढाच उपकार.

ह्या तारेच्या इतिहासात एक तंबू आहे, तो मला फार आवडतो. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांच्या संघटनेने, एआरआरएलने, पॉल गॉडली नावाच्या आपल्या माणसाला स्कॉटलंडला पाठवलं. हौशी लोकांचा सिग्नल अटलांटिक ओलांडतो का हे बघायला. ह्या गृहस्थाने अर्ड्रोसन गावाजवळ समुद्रकाठच्या शेतात तंबू ठोकला आणि भर थंडीपावसात चारेकशे मीटर लांबीची बेव्हरेज ताणली. बेव्हरेजची कल्पना तेव्हा नुकतीच निघालेली. त्या तंबूत बसून त्याने कनेक्टिकटमधल्या ग्रिनिचहून चाललेलं १बीसीजी हे स्टेशन ऐकलं, २३० मीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या बँडच्या शेजारच्याच घरात. त्यांनीही डिसेंबर उगाच निवडला नव्हता. शंभर वर्षांनंतर माझ्याकडे गरम पाण्याची पिशवी आहे आणि डोक्यावर छप्पर आहे, त्यामुळे मी तक्रार करायची नाही असं ठरवलेलं आहे. करते ती गोष्ट निराळी.

यंदा शुक्रवारी दुपारी बर्फ पडत होतं. पारा उणे नऊ, म्हणजे इथल्या हिशेबाने सुखद. पण कोरडं बर्फ वाऱ्याबरोबर तारेवर आपटतं तेव्हा प्रत्येक कणाबरोबर थोडा विद्युतभार येतो, आणि चाळीस मीटर तारेवर असे असंख्य कण. हेडफोनमध्ये आधी बारीक फुसफुस, मग ती चढत चढत शिट्टी होते, मग सगळं झाकून टाकते. सिग्नल-मीटरचा काटा नऊवर जाऊन बसतो. तार जमिनीपासून तुटलेली असेल तर केबलच्या टोकाशी टिक-टिक ठिणग्याही पडतात. माझ्या तारेच्या पायथ्याशी एक चोक (तारेचं वेटोळं) आहे, तो भार सतत जमिनीत सोडत राहतो, म्हणून रेडिओ वाचतो. शिट्टी मात्र ऐकावीच लागते. बेव्हरेज खाली असल्यामुळे तिच्यावर हा त्रास कमी होता. तिच्यावर ऐकत, उभ्या तारेवर पाठवत मी पहिले दोन तास काढले. फक्त अमेरिका आणि कॅनडा. ओहायो, ओंटारिओ, टेनेसी, परत ओहायो. ओहायोत इतकी माणसं राहतात हे मला दर जानेवारीत नव्याने कळतं.

ह्या खेळात दोन पद्धती. एक म्हणजे आपली जागा धरून बसायचं आणि "सीक्यू टेस्ट", म्हणजे स्पर्धेसाठी कुणी आहे का, असं ओरडत राहायचं, गिऱ्हाईक येईल तसं. दुसरी, डायल फिरवत एकेकाला शोधून गाठायचं. पहिलीत वेग आहे, पण जागा राखावी लागते. शुक्रवारी रात्री बँड अक्षरशः कोंबलेला असतो, दोन स्टेशनांत चारशे हर्ट्झसुद्धा सापडत नाहीत. तुम्ही चहाला उठलात की कुणीतरी येऊन बसतं. म्हणून थर्मास, गुळाच्या पोळ्या आणि मेतकूट-भाताचा डबा सगळं टेबलावर. गुळाची पोळी हे स्पर्धेचं खाणं म्हणून सर्वोत्तम आहे. डाव्या हाताने खाता येते, गार झाली तरी बिघडत नाही, आणि संक्रांतीनंतर डब्यात उरलेली असतेच. फक्त कीबोर्डवर तूप लागतं.

पाठवायचं काम बहुतेक संगणक करतो, एफ-वन दाबलं की सीक्यू. पण समोरच्याने काही परत विचारलं, की हाताने मोर्स पाठवायचं पॅडल घ्यावं लागतं, आणि सोळा अंशांच्या खोलीत बोटं आखडतात. ठिपके नको तितके पडतात. त्यावर उपाय माझ्या ॲम्प्लिफायरचा. त्यात थ्री-फाइव्ह-हंड्रेड-झेड जातीचा एक जुना काचेचा व्हॉल्व्ह आहे, सहाशे वॅट देतो आणि जवळजवळ तितकीच उष्णता खोलीत सोडतो. मागच्या जाळीतून गरम वारा येतो. दोन संपर्कांच्या मधे मी शेगडीवर धरावेत तसे त्या जाळीवर हात धरते. नव्या ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्प्लिफायरची जाहिरात नवरा मला अधूनमधून दाखवतो. हलका, थंड, गुपचूप चालणारा. थंड कुणाला हवाय?

पहाटे पाचला जपान. तिकडे सूर्य मावळून गेलेला, इकडे अजून उजाडायचंय, ह्या मधल्या दोन-अडीच तासांत काय ते. जपानच्या दिशेला माझी तार नाही, त्यामुळे उभ्या तारेवरच ऐकावं लागतं. बर्फ थांबलं होतं, पण वारा जमिनीवरचं बर्फ उडवत होता आणि शिट्टी अधूनमधून येत होती. झोन २५ चे काही मोजके लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदीत, आले. आमच्या सूर्योदयाच्या जरा आधी सगळे सिग्नल एकदम उठून वर येतात, ते दहा-पंधरा मिनिटं टिकतं आणि मग डी थर जागा होऊन एकेकाला पुसत जातो. त्या दहा मिनिटांसाठी लोक गजर लावून उठतात. मी झोपलेलीच नसते.

शनिवारी दुपारी हवा फिरली. ढग गेले, उत्तरेकडचा गार वारा उतरला आणि पारा घसरायला लागला. स्पर्धेसाठी ह्याहून चांगली बातमी नाही. मी तीन तास झोपून उठले, हेडफोन लावला आणि बँड छान शांत वाटला. जरा जास्तच शांत. बेव्हरेज सुटली की असं होतं. आवाज कमी होतो, आणि नवख्याला वाटतं की वा, काय स्वच्छ बँड आहे. मी बेव्हरेज आणि उभी तार आलटून पालटून लावून बघितली. बेव्हरेजवर ओहायोसुद्धा कुजबुजत होतं. ओहायो कधी कुजबुजत नाही.

सूर्य मावळायला दीड तास होता. स्नोशू, दोन हातमोज्यांचे थर, कपाळावरचा दिवा. दिव्यात लिथियमचे सेल. साधे अल्कलाइन ह्या थंडीत पंधरा मिनिटांत मान टाकतात. चिकटपट्टी कोटाच्या आत, छातीशी, कारण गार पट्टीचा गोंद चिकटतच नाही. पारा उणे २३. नवरा दारात उभा: "अगं, हरणांनी तोडली असणार. त्यांना पण काहीतरी विरंगुळा हवाच ना."

हरणांनीच तोडली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुंटाच्या मधून खुरांची ताजी वाट गेलेली. एक टोक खुंटाला लोंबत होतं, दुसरं वीसेक पावलं ओढत नेऊन बर्फात गाडलेलं. ते शोधायचं म्हणजे चौथ्या खुंटापासून तार हाताने उपसत उलट यायचं. मांडीपर्यंत बर्फ, आणि तार पोलादी गाभ्याची, ताठ, वेटोळी करून परत उसळणारी. डाग लावून (सोल्डरने) जोडणं असल्या थंडीत होतच नाही, उष्णता तारेतून पळून जाते. मी पितळी बोल्टचा चिमटा नेला होता. तो आवळायला वरचा मोजा काढावाच लागतो. अर्धा मिनिट बोटं दुखतात, त्यानंतर दुखायची थांबतात, आणि थांबली की लगेच मोजा घालायचा, कारण न दुखणं हे जास्त वाईट. तीन वेळा काढघाल करून बोल्ट आवळला. पट्टी गुंडाळली. आत येऊन चष्म्यावरचं बाष्प पुसेपर्यंत पाच वाजत आले होते, आणि बेव्हरेजवर गोंगाट परत आला होता, हवा तसला, युरोपच्या दिशेचा.

सूर्यास्तानंतरचा एक छोटा वेळ मी दर वर्षी वाया घालवते. मिनेसोटात पाचला मावळतं आणि पुण्या-साताऱ्याकडे सातच्या सुमारास उजाडतं, म्हणजे आमच्या संध्याकाळी साडेसातपर्यंत दोन्हीकडे काळोख असतो. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या जरा वर. नकाशावर भारत पूर्वेला वाटतो, पण गोलावर दोरा ताणून बघितला तर दिशा जवळजवळ थेट उत्तर येते. उत्तर ध्रुवाजवळून. आणि ध्रुवाभोवती ध्रुवीय प्रकाशाचं कडं आहे, ते ह्या लहरी खाऊन टाकतं. इथे चांगला अरोरा पडतो तेव्हा सगळं डुलुथ सरोवराकाठी जाऊन हिरव्या आकाशाचे फोटो काढतं, आणि मी घरात बसून त्या आकाशाला शिव्या घालते. तरीही मी पाच-दहा मिनिटं डायल सावकाश फिरवते. 'व्ही यू' ने सुरू होणारं कॉलसाइन (स्टेशनची ओळख), म्हणजे भारत, झोन २२. आजवर ऐकू आलेलं नाही. युरोपची दहा-दहा गुणांची गिऱ्हाइकं तेवढ्यात दुसरीकडे जातात. ह्या गोष्टीवर कुठल्याही शहाण्या स्पर्धकाने मला वेड्यात काढलं असतं, म्हणून आमच्या क्लबात मी ती सांगत नाही.

मोर्स मला अण्णांनी शिकवला. ते तार ऑफिसात होते. मी इकडे परीक्षा दिली तोवर अमेरिकेने २००७ मध्ये परीक्षेतून मोर्स काढून टाकला होता, त्यामुळे कागदोपत्री त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. सगळे प्रश्न बहुपर्यायी. (नागरिकत्व लागत नाही, हेही सांगून ठेवते. एच-वनवर असताना परीक्षा देता येते, पुष्कळांना वाटतं येत नाही.) अण्णांना मी रात्रीच्या तुकड्यांचं रेकॉर्डिंग पाठवते. त्यांची मुख्य तक्रार अशी की ह्यात सूर आहे. त्यांच्या साउंडरला (तार ऐकायच्या यंत्राला) सूर नव्हता, कडकट्ट होतं. दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून ठिपका की रेघ ते कळायचं. "हे शिट्ट्या मारणं झालं," म्हणतात. पण मग परत परत लावतात. एकदा एका युरोपियन स्टेशनचं ऐकून म्हणाले, "ह्याचा हात चांगला आहे, पण ह्याला कसली तरी घाई आहे." तो हात नव्हता, संगणक होता. मी त्यांना सांगितलं नाही. घाईचं मात्र बरोबर होतं.

शनिवारची रात्र मग तशी गेली जशी वर्षातून एकदा जावी. वारा पडला. पारा उणे २८. शिट्टी नाही, विजा नाहीत, भूचुंबकीय निर्देशांक तळाला. साडेनऊपासून युरोप यायला लागला आणि मी जागा धरून बसले. झोन १४, १५, १५, १४, १६. पण खरी मजा मध्यरात्रीच्या सुमाराला, जेव्हा त्यांच्याकडे पूर्वेकडून उजाडायला लागतं. जिथे सूर्य उगवायच्या बेतात असतो, तिथले सिग्नल शेवटचं एकदा उसळतात. पावणेबाराला बल्गेरिया, मग तासाभराने झेकिया, दीडला हॉलंड, त्यानंतर पोर्तुगाल, आणि सव्वादोनला आयर्लंड. उजाडण्याची रेघ पश्चिमेला सरकत जाते आणि लॉगमधली कॉलसाइनं तिच्या मागे मागे. एक बल्गेरियन अगदी तळाशी होता. 'एल झेड' कळलं, आकडा कळला, पुढचं अक्षर दर वेळी लाटेखाली जायचं. मी प्रश्नचिन्ह पाठवते, तो परत पाठवतो, तेच अक्षर बुडतं. अंदाजाने लिहायचं नाही. कॉलसाइन चुकलं तर तपासणीत गुण जातात, वर दंड. पाचव्या-सहाव्या खेपेला लाट बरोबर त्या अक्षरावर वर आली. त्याला माझं 'एम एन' एका फटक्यात मिळालं, हा त्याच्या कानाचा मोठेपणा. झोन २०, नवा देश, दहा गुण, आणि गुणकात एकाची भर. वरून आवाज आला, "चौदा!"

अडीचनंतर माणसं विरळ झाली. उठून खिडकीशी गेले तर बादली जिथल्या तिथे, तिच्यावर बर्फाची टोपी. मी फर्नेस चालू केली आणि पाचपर्यंत आडवी झाले. रविवारी पहाटे जपान शनिवारपेक्षा बरं होतं. त्या लोकांची शिस्त बघण्यासारखी. ज्याला विचारलं तोच बोलतो, बाकीचे थांबतात. युरोपच्या काही देशांबद्दल हे म्हणता येणार नाही. देशांची नावं मी इथे लिहीत नाही, पुढच्या वर्षी त्यांचेच गुणक लागणार आहेत.

रविवारचा दिवस म्हणजे भंगारवाल्याचा दिवस. डी थर जागा, लांबचं काही नाही, आणि जवळच्या सगळ्यांशी बोलून झालेलं. उरलेल्या तासांत एकेक राहिलेलं राज्य शोधायचं. रोड आयलंड मला दुपारी एकपर्यंत मिळालं नाही आणि मग मिळालंच नाही. नऊशेच्या आसपास संपर्क, चाळीसेक देश. बाराशे-पंधराशे वॅट आणि चार चार मनोरे घेऊन पूर्व किनाऱ्यावर बसलेल्यांच्या पुढे हे काहीच नाही. ते लोक युरोपला आमच्यापेक्षा हजारेक किलोमीटर जवळ आहेत, आणि ध्रुवाच्या कड्यापासून लांब. पण मिनेसोटापुरतं माझं बरं आहे. लॉग पाठवून दिला.

फेब्रुवारीत ह्याच बँडवर बोलण्याची स्पर्धा असते. तिच्यात मी उतरत नाही, ओरडून घसा बसतो आणि घरात उरलीसुरली सहानुभूतीही संपते. बेव्हरेजचा चिमटा तात्पुरता आहे, डाग लावून पक्का जोड आता एप्रिलमध्ये, बर्फ गेल्यावर. तिसरा खुंट हरणांच्या वाटेतून दहा हात बाजूला घ्यायचा आहे.

पुढच्या जानेवारीत भारतातून कुणाला नुसतं ऐकायचं असेल तर रेडिओ घ्यायची गरज नाही. हॉलंडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरचा रेडिओ, ब्राउझरवर उघडतो. सीडब्ल्यू (म्हणजे मोर्स) निवडायचं आणि १८१० ते १८४० किलोहर्ट्झमध्ये फिरायचं. तिकडची उत्तररात्र म्हणजे आपली सकाळ, नऊ ते एक. 'एम एन' पाठवणारे आम्ही थोडेच आहोत. त्यातली सगळ्यात संथ ती मी.